सत्काराच्या फोटोचं वर्णन

दिव्यांग दिनाला धुळ्यातल्या आमच्या कॉलेजने माझा सत्कार केला. मी तिथली ग्रंथपाल, जन्मापासून अंध. अहवालाच्या ऑनलाइन फाइलमध्ये हितेंद्र सरांनी फोटोला वर्णन जोडलं. हे वर्णन पानावर दिसत नाही. कॉम्प्युटर ते अंधांना वाचून दाखवतो. “खास तुमच्यासाठी टाकलंय मॅडम,” सर म्हणाले, “कोणाचं नाव राहिलं नाही ना, तेवढं ऐकून सांगा. नाहीतर नानासाहेब रुसतील.” मी हेडफोन लावला. “अंध भगिनीस शाल देताना अध्यक्ष नानासाहेब, उपाध्यक्ष आबासाहेब, सचिव भाऊसाहेब...” नारळ धरायला आलेला नानासाहेबांचा पुतण्यासुद्धा सुटला नव्हता. यांच्यापैकी कोणीही हे कधी ऐकणार नाही. नाव तेवढं माझंच नव्हतं. “बठ्ठा शेतस, सर, सगळे आहेत,” मी म्हणाले. ते निर्धास्त चहाला गेले. मी सगळं पुसून लिहिलं: “शाल पांघरलेल्या ग्रंथपाल दीपमाला देसले. सोबत काही डोळस बंधू.”