दोन खाचा

हर्षदा,

कुऱ्हाड.

आखाजीला ये.

कुऱ्हाड.

खापर लागणार आहे.

इथे कुऱ्हाड लाकडात रुतून बसली. ती सोडवेपर्यंत लेकीला फोनवर सांगायचं वाक्य विस्कटलं, आणि दगाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

मंगळवारच्या वादळात बमरोलीतल्या त्याच्या घरामागचा निंब आडवा झाला. भिंतीला धक्का नाही, संडासाच्या पत्र्याला धक्का नाही. अंगणात लांबच्या लांब पडला, कोणाच्या अंथरुणाला अंग न लावता झोपावं तसा. घरात एकटा दगा. चिरडायला निंबाला दुसरं कोणी सापडलंही नसतं.

पाला गल्लीतल्या शेळ्यांनी फस्त केला. डहाळ्या सकाळीच कोयत्याने झाल्या. आता फांद्या.

सुतारकाम करणारा लखन फाटकातून डोकावला. हातात कापायचं मशीन होतं.

"काका, मशीन मारी दऊं? पांच मिनिटनुं काम छे."

"राहू दे, भाई."

"अरे, आखो दिवस जशे तमारो!"

तेच तर. पाच मिनिटांत झालं, तर उरलेल्या दिवसाचं काय करायचं? दगाने हात हलवून लखनला वाटेला लावलं.

हर्षदा,

कुऱ्हाड.

गेल्या आखाजीला, लेकी माहेरी येऊन झोके घेतात त्या अक्षय्य तृतीयेला, चुलीवर पुरणाच्या मांड्यांचं खापर लागलं नव्हतं. बायको, मालतीबाई, जाऊन तेव्हा पाचच महिने झाले होते. बारडोलीहून लेक आली नाही. दगाने तेव्हापासून एकच गाठ मनाशी बांधली: मांडे नाहीत, म्हणून पोर आली नाही. कोरड्या चुलीच्या माहेरी कोण येईल? यंदा त्याने माळ्यावरून ते मातीचं खापर उतरवलं. मालतीबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं होतं, तसंच पालथं ओट्यावर ठेवलं. शेजारच्या मंगलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मांडे मी करीन, लाकूड तुम्ही करा. खापर गॅसवर लागत नाही.

आणि मंगळवारी लाकूड आपल्या पायाने अंगणात आलं.

आखाजीला चार दिवस होते.

"दगाभाऊ!" भिंतीवरून मंगलाबाईंचं डोकं वर आलं. "काय करी ऱ्हायनात?"

"चुलीचं लाकूड."

त्यांनी एक ढलपी मागून घेतली, नखाने दाबली. ओल वर आली.

"वलं शे हाई. चार दिनमा वाळाव नई. नुसता धूर व्हई. मांडे काय, मीच काळी पडसू."

"कधी वाळेल?"

"पुढली आखाजी." मग त्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "वखारमधून सुकं आना ना. त्यात काय एवढं? चाळीस वर्षं साच्यावर काढली, आन लाकूड वलं का सुकं ते कळेना तुम्हाले!"

"आणतो," दगा म्हणाला. "संध्याकाळी आणतो."

आणि लगेच बुंध्यावर चढून उभा राहिला, कारण तिथे फोनला रेंज जास्त असते अशी त्याची समजूत होती. लेकीला लावण्याआधी फोनच वाजला.

कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटाने त्याचे कान गेलेले. तो फोन नेहमी स्पीकरवरच ठेवतो. त्यामुळे जे झालं, ते भिंतीपलीकडे मंगलाबाईंनीही ऐकलं.

"नाना, आवंदा नई जमाव."

"हर्षदा, खापर..."

"मयुरीताई येताहेत ना. नणंद माहेरी येणार आणि मी माझ्या माहेरी जाऊ? सासूबाई काय म्हणतील? इकडे बारा माणसांचे मांडे आहेत, मलाच करायचेत."

"बरं."

"तुम्हीच या ना इकडे."

लेकीच्या सासरी, आखाजीला, बापाने. दोघांनाही ठाऊक होतं.

"बघतो," दगा म्हणाला.

"आणि नाना, त्या निंबावर चढू नका झोका बांधायला. मंगलामावशीने सांगितलं मला. गेल्या वर्षी कोणी येणार नव्हतं तरी चढलात, पडता पडता वाचलात. ऐकताय ना?"

दगा निंबाच्या बुंध्यावर उभा होता.

"नाही चढत."

"शपथ?"

"तुझी शपथ, नाही चढत."

फोन बंद झाला. तो खाली उतरला, कुऱ्हाड उचलली.

हर्षदा,

पुढे काही आलं नाही. नुसतीच कुऱ्हाड आली, गेली, आली.

फांद्यांचे हातभर तुकडे झाले. भिंतीच्या कडेने त्याने ते रचले, एक आडवा, एक उभा, मधून वारा खेळेल असे. बराच वेळ भिंतीवरचं डोकं तिथेच होतं.

"निंब पडना म्हनीसन सांगं नई पोरले?"

"ती आली म्हणजे पाहीलच की."

"आन वखारनं लाकूड?"

"नको आता. हे वाळेल."

मंगलाबाईंनी हातातली ढलपी ढिगावर टाकली आणि आत गेल्या.

एक फांदी तोडायची राहिली होती. मांडीएवढी जाड, सरळ. तिच्यावर दोन खाचा. दरवर्षी झोक्याचा दोर त्याच जागी बसायचा, सालीला गुळगुळीत करून आत उतरायचा.

दगाने कुऱ्हाड खाली ठेवली. कापड मोजायचा तसा हात पसरला आणि दोन खाचांमधलं अंतर मोजलं.

एक वीत, चार बोटं.

हात पँटला पुसला. पुन्हा मोजलं.

एक वीत, चार बोटं. एवढ्यात हर्षदा मावायची.