अक्षरी रुपये

“हसके बोलो, अम्मा. रोनी सूरत से ‘एक पैसा नहीं दिया’ बोले तो कौन मानता?”

पद्मावती मॅडमनं स्टँडवरचा मोबाइल सरळ केला. समोर पांढऱ्या पडद्यापुढं ही ‘अम्मा’, म्हणजे संघमित्रा, बसली होती. आयसीयूत सहा वर्षं काढलेली नर्स. तिला आखातातल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती आणि तिकडचा कायदा मोठा सज्जन होता. व्हिसा, तिकीट, डॉक्टरी तपासणी, सगळा खर्च मालकानं करायचा, नर्सकडून छदाम घ्यायचा नाही. मालकानं तो केलाही होता. आबिड्सच्या या तिसऱ्या मजल्यावर, पद्मावतीच्या कन्सल्टन्सीत, तोच खर्च नर्सकडून पुन्हा उकळला जायचा. मग तिनंच कॅमेऱ्यासमोर बसून सांगायचं, की मी काही दिलं नाही. व्हिडिओ तिकडं गेला की व्हिसा इकडं यायचा.

भिंतीशी तिचे वडील नागोराव बसले होते. मांडीवर रिकामी कापडी पिशवी. सकाळी ती भरलेली होती. त्यांच्या बायकोची, मनकर्णाची, बोरमाळ मोडून आलेले पैसे होते त्यात, आणि पोस्टातल्या नोकरीची उरलीसुरली पुंजी. पावती मागितली तेव्हा पद्मावती नुसती हसली. वर शिक्क्यांचे निराळे पंधरा हजार. राज्य जूनमध्ये फुटलं, नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर शिक्का जुन्या राज्याचा, आता नव्याचा मारावा लागतो म्हणे. राज्य फोडलं कुणी आणि भुर्दंड कुणाला! नागोरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण ते तोंड शिवून बसले. पोरीलाही त्यांनी तेच बजावून आणलं होतं.

जबाब मातृभाषेतच हवा, असा तिकडचा आणखी एक नियम. मला कळलं नव्हतं, असं नंतर कुणी म्हणायला नको. सगळ्या मुली तेलुगूत बोलून मोकळ्या व्हायच्या. हिचं गाडं अडलं होतं.

“फॉर्म में मराठी कायकू लिखे, अंकल? तेलुगू लिखते तो क्या जाता था तुम्हारा?”

“मराठी है, तो मराठी लिखे,” नागोराव म्हणाले. सगळा जन्म अंबरपेठेत गेला, तरी शाळेच्या दाखल्यापासून जनगणनेपर्यंत तो रकाना त्यांनी दुसऱ्या कुठल्या भाषेला दिला नव्हता. पोरीला मराठी धड वाचता येत नव्हतं, ते वेगळं.

“मेरे को तो आती नहीं. ये कागज में जो है, वो मराठी में बोल देव, अम्मा. जल्दी. बाहर और छे लड़कियां बैठे.”

मोबाइलवर लाल ठिपका लागला. संघमित्रानं हातातला कागद पालथा ठेवला आणि हसली.

“माझं नाव संघमित्रा नागोराव वाघमारे. मला इथं खोटं बोलायला बसवलंय. कागदात लिहिलंय की आम्ही काही दिलं नाही. आम्ही दिलंय. माझ्या आईचा गळा ओकाबोका झालाय. बाबांनी तीस वर्षं राबून गाठीला बांधलेलं आज सकाळी यांच्या घशात गेलंय. किती, ते बोलता येत नाही. आकडा बोलले तर इथं समोर बसलेल्यांना कळेल. हसायला सांगितलंय म्हणून हसतेय. जो कुणी हे ऐकत असेल, त्यानं नीट ऐकावं.”

पैसे गेलेच होते, आता व्हिसाही गेला. उठून पोरीचं तोंड दाबावं असं नागोरावांना वाटलं.

“बहुत अच्छा!” पद्मावतीनं ठिपका बंद केला. “ऐसा हसना होना!”

मग तिनं नागोरावांपुढं एक कागद सरकवला. मराठी तपासणारं इथं कुणी नव्हतं, तेव्हा बापच साक्षीदार. कागद व्हिडिओबरोबर तिकडं जायचा होता.

“बराबर बोली ना बच्ची? तो दो लाइन में लिखो, साइन करो. अपनीच भाषा में लिखो.”

नागोरावांनी पोरीकडं पाहिलं. तिच्या ओठांवर अजून हसू होतं, कागद अजून पालथाच होता. ‘चुकली’ एवढं म्हटलं असतं तरी पुन्हा रेकॉर्डिंग झालं असतं. व्हिसा वाचला असता.

“हौ,” ते म्हणाले. “बराबर बोली.”

त्यांनी खिशातलं पेन काढलं. मनीऑर्डरच्या खिडकीवर तीस वर्षं ते समोरच्याला एकच गोष्ट सांगत आले होते, की नुसता आकडा घालू नका, अक्षरात लिहा, आकड्यावर कुणीही शून्य चढवतं. त्याच सवयीच्या बारीक, सलग अक्षरात त्यांनी दोन ओळी भरल्या. ‘मुलगी बोलली ते सगळं खरं आहे. तिनं न सांगितलेली रक्कम अक्षरी रुपये दोन लाख पंच्याऐंशी हजार फक्त.’ खाली सही, तारीख, घरचा पत्ता, पिनकोडसकट.

पद्मावतीनं सही तेवढी पाहिली. वाचायच्या भानगडीत ती पडली नाही, दारातून पुढची मुलगी आत येत होती. तिनं कन्सल्टन्सीचा गोल शिक्का शाईत दाबला आणि ‘फक्त’च्या शेजारी मारला.

नागोरावांनी कागद उजेडात धरून पाहिला.

“एक बाजू पुसट आयी, मॅडम,” ते म्हणाले. “फिर से मारो.”