सात नंबरची माती

करी रोडच्या जुन्या चाळीच्या जागी आता खोल खड्डा होता. त्यातून निघालेली माती निवडून वेगळी करायला रोबो आणला होता. पिवळ्या रेषेच्या आत माणूस आला, की त्याचा पोलादी हात थांबायचा आणि पडद्यावर लाल ठिपका उमटायचा.

त्या दुपारी हात एकाच ढिगाऱ्यापाशी सहाव्यांदा थांबला.

"आत माणूस आहे म्हणतोय," इंजिनिअर रुचिका वैतागली. "काका, कुठली माती ही?"

साइटवर देखरेख करणारे तुळशीदास याच चाळीत वाढलेले. "तळमजल्याची. सात नंबरच्या खोलीखालची."

त्या खोलीत राधाबाईंनी मासळी विकून एकटीने चाळीस वर्षं काढली. नव्या घरांसाठी रहिवाशांची नोंद करायला सर्वेवाले आले तेव्हा त्या इस्पितळात होत्या. 'खोली बंद, कोणी राहत नाही' या ओळीखाली साक्षीदार म्हणून तुळशीदासांनी सही केली. आठवड्याभरात त्यांना बिल्डरकडे ही नोकरी लागली. राधाबाईंना नवं घर नाकारलं गेलं. त्या विरारला, परक्याच्या खोलीत वारल्या.

रुचिकाने फावड्याने ढिगारा उलटापालटा केला. काही नव्हतं. ती पडद्यापाशी परतली आणि दचकली.

"काका, ठिपका हलतोय. तुमच्याकडेच येतोय."

तुळशीदास रेषेबाहेर उभे होते. समोर नुसतं रणरणतं ऊन.

"थांबला. अगदी तुमच्या पुढ्यात."

तुळशीदास ओरडले, "बंद कर ते यंत्र, पोरी!"

"केव्हाच केलंय, काका. पडदाही विझलाय. ठिपका तेवढा दिसतोय."