ग्रेकोचा बारावा डाव

ग्रेकोला जगात कुणीही हरवू शकत नाही. हा इटालियन बुद्धिबळपटू वारून जवळजवळ चारशे वर्षं झाली, त्यामुळे ते तसं अवघडच आहे.

पण अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात, स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, चष्मेवाला एक मुलगा ग्रेकोचा उघड अपमान करत होता. भिंतीशी उभ्या देवांगचं डोकं तापत चाललं होतं. तिथे प्यादं खायचं असतं. बाराव्या डावात ग्रेकोचा प्रतिस्पर्धी ते निमूटपणे खातो आणि मरतो. या कार्ट्याने खाल्लंच नाही.

समोर देवांगची मुलगी रुही खेळत होती. वय दहा. कॅलाब्रियातून निघालेला ग्रेको पॅरिस, लंडन करत हिंडला आणि वह्याच्या वह्या भरून डाव लिहून गेला. त्यातले बावीस रुहीला तोंडपाठ होते. शुभंकरोति झालं की डाव, गाडीत बसली की डाव. पाढे घोकून देवांग पुण्याहून इथवर पोचला होता. मुलगी निदान राज्याच्या संघात तरी पोचायला हवी होती, आणि त्यासाठी हा एक डाव जिंकायचा होता.

पालकांनी भिंतीपाशी उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. देवांगने त्या मुलाच्या चार चुकीच्या चाली गिळल्या. पाचवीला तो टेबलाशी पोचला.

“धिस इज राँग! यू हॅव टु टेक द पॉन!”

मुलगा रडकुंडीला आला. पंच बाई धावत आल्या.

“सर, ही कॅन प्ले एनी मूव्ह ही वॉन्ट्स,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दार दाखवलं.

पार्किंगमध्ये त्याची बायको नीला गाडीला टेकून उभी होती.

“आता काय केलंस?”

“मी? अगं, त्या पोराला बेसिकसुद्धा येत नाही! कोण मूर्ख शिकवतो असल्यांना?”

दहा मिनिटांनी रुही बाहेर आली. डोळे लाल, मुठीत चुरगळलेला निकालाचा कागद.

“हरलीस ना? पाठांतर कच्चं! बारावा म्हणून दाखव. इथेच.”

“बाबा, ग्रेको कोणाला हरवत होता?”

“नावं नाही दिलेली.”

“बिकॉज देअर वॉज नोबडी! लायब्ररीतल्या पुस्तकात आहे. बरेच डाव त्याने स्वतःच रचले असणार म्हणतात. समोरच्याची चूकपण त्यानेच लिहिली.”

“उलट बोलू नकोस. तू वहीप्रमाणे खेळली असतीस, तर...”

“तो नव्हता खेळत वहीप्रमाणे, यार!”

“बापाला यार म्हणतेस?”

नीलाने रुहीच्या मुठीतून कागद सोडवला, बॉनेटवर ठेवून तळव्याने सरळ केला आणि देवांगपुढे धरला. खाली पंच बाईंची सही होती. पालकाने हस्तक्षेप केल्यामुळे रुहीचा डाव बाद.

डाव थांबवला तेव्हा ती एका हत्तीने पुढे होती.