पाठवणी

नागांना बोलावायचं आणि मग परत पाठवायचं, ही दोन्ही गाणी हरिपाडमध्ये आता एकट्या वेलुक्कुट्टी आशानांनाच येत होती. वर्कीचनने त्यांना आपल्या स्टुडिओत बसवलं, आजोबांच्या वेळच्या टेपमशीनवर बोलावण्याचं गाणं घेतलं, आणि टेप संपली.

आशान जागचे हलेनात. "मालक, पाठवणी गायल्याशिवाय उठू नये."

"नाग काय लेकीबाळी आहेत, पाठवणी करायला?" वर्कीचन हसला. "नवी टेप आली की गाऊ, आशान."

नवी टेप आली त्याच दिवशी आशान गेले.

निदान एक गाणं तरी जपलं, म्हणत वर्कीचन ते ऐकत बसला. गाण्यामागे बारीक फुसफुस होती. जुन्या टेपला असायचीच.

गाणं संपलं, त्याने मशीन बंद केलं.



फुसफुस थांबली नाही.