बिनबुडाचा खिसा

"वांगी कुठायत?" टेलरमास्तरांनी विचारलं.

परसातल्या वाफ्याशी ते गुडघे टेकून बसले होते. थंडी सरून चार दिवस झाले होते, माती हाताला उबदार लागत होती. सुनेने बियांच्या बरण्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून: भेंडी, दोडका, चवळी, काकडी, मुळा, मिरची. मास्तरांची बायको गेल्यानंतरचा हा पहिलाच वसंत. वाफे रिकामे ठेवायचे नाहीत, हे दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

"वांगी नव्हतीच, बाबा. होत्या तेवढ्या सगळ्या पुरचुंड्या सोडल्या मी. एकीत नुसता भुसा होता, तो झटकून टाकला."

तो भुसा नव्हता. वांगं झाडावरच पिकवायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं आणि चुरून तसंच ठेवायचं, ही बायकोची पद्धत. बी त्या चुऱ्यातच असायचं. लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून आणलेलं, दरसाल एक वांगं राखून चाळीस वर्षं टिकवलेलं बी. तसलं बाजारात मिळत नाही, आणि मिळालं तरी ते तिचं नसणार.

"अगं, विचारायचं तरी होतंस! चाळीस वर्षांवर पाणी फिरवलंस की!"

सुनेचा चेहरा पडला. "मला काय ठाऊक? आई बियांना हातसुद्धा लावू द्यायच्या नाहीत."

खरं होतं ते. मास्तरांना तरी कुठे लावू द्यायची? बियांच्या पुरचुंड्या बांधायला दुकानातल्या चिंध्या पुरवायच्या, एवढंच त्यांचं काम. जरा जवळ गेले की म्हणायची, "तुम्ही बाह्या लावा, भेंडी मी लावते."

"चिंध्या कुठे टाकल्यास?" त्यांनी जरा मऊ आवाजात विचारलं.

"टाकीन कशाला? फार मळल्या होत्या, म्हणून रात्रभर बादलीत भिजवल्या. दोरीवर आहेत."

मास्तर उठून दोरीपाशी गेले. एकेक ओलसर चिंधी चाचपू लागले. शाळेच्या गणवेशाचं निळ्या चौकड्यांचं कापड, पोस्टमनच्या पँटीचं खाकी, डॉक्टरीणबाईंच्या पडद्याचा तुकडा. अख्खी गल्ली दोरीवर वाळत पडली होती. टोकाला एक खिसा लोंबत होता. नुसता खिसा, पँटीविना.

मास्तरांना हसू फुटलं.

"हा आमचा पराक्रम! दुकान नवंनवं होतं. घाईघाईत पँट शिवली आणि खिशाचं बूड शिवायचंच राहिलं. बँकेतल्या साहेबांनी रुबाबात किल्ल्या टाकल्या, त्या थेट बुटात! असे तापले, म्हणाले नवाच खिसा लावून द्या. हा मी घरी आणून लपवला. तिने शोधलाच. स्वतः बूड शिवलं, हे बघ, केवढे केवढे टाके. तेव्हापासून वांग्याचं बी यातच. दरसाल पेरायच्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं ओरडायची, 'अहो, तुमची चूक आणा!' मी चिडायचो. चिडण्यासारखं काय होतं त्यात, कुणास ठाऊक."

सुनेने खिसा काढून घेतला आणि उलटा केला. त्या ओबडधोबड टाक्यांमध्ये काहीतरी अडकलं होतं. तिने नखाने अलगद काढून तळहातावर घेतलं. बारीक, चपटे, रात्रभराच्या पाण्याने जरासे फुगलेले आठ दाणे.

"बाबा, हे..."

"हेच," मास्तर म्हणाले.

रोपांसाठी भरून ठेवलेली कुंडी त्यांनी पुढे ओढली, बोटाने आठ खळगे केले. सुनेने तळहात त्यांच्यासमोर धरला.

"तुम्ही टाका."

"माझ्या हाताचं काही खरं नाही. तूच टाक."

"नको, बाबा." तिने हात मागे घेतला. "आईंनी पाहिलं असतं, तर केवढ्या ओरडल्या असत्या मला."

मास्तरांनी कुंडी तिच्याकडे सरकवली.

"ओरडू दे की गं," ते म्हणाले. "तेवढाच आवाज कानावर पडेल."