रडायचं काम

काली कुणालाच आवरेना, तेव्हा शंकर चक्क बाळ होऊन रडतो आणि तिच्यातली आई जागी होते, असं नाटक होतं. बाळाचं काम छकुलीला, कालीचं तिच्या आईला. "रडायला हिला कसलं शिकवायचं? घरी तोच उद्योग!" दिग्दर्शककाका हसले होते. पण तालमीत काली म्हणजे पदर खोचलेली आईच होती. आज प्रयोगात मात्र काळंकुट्ट तोंड, दातांत धरलेली लाल कापडी जीभ आणि आठ हात छकुलीवर चालून आले. ही आई नव्हेच! छकुलीची दातखीळ बसली. "रड की गं!" पडद्याआडून काका कुजबुजले. तलवार उगारलेल्या हाताकडे तिने भीत भीत पाहिलं. बोटाला चिंधी होती, सकाळी सुरी लागली तेव्हा छकुलीनेच बांधलेली. "आई!" तिने असं भोकाड पसरलं, की कालीने जीभ थुंकून टाकली आणि तलवारीसकट तिला कडेवर घेतलं.